गेममधला रुमाल

अण्णांचा खून मोबाईलवर खेळता येतो, हे मला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कळलं.

मी वाईला रसायनशास्त्र शिकवते. माहेर सांगलीचं, हळदीच्या व्यापाऱ्यांचं. मराठीच्या दीपमाला मॅडमनी चहा पिता पिता त्यांचा फोन माझ्यापुढे धरला. ‘हळदगल्ली’ नावाचा गेम. गोण्यांची थप्पी, पिवळी धूळ, दुकानाच्या दारात पांढरी टोपी घातलेला जाडसर माणूस. मोटारसायकल येते, कोयता चालतो, माणूस पडतो आणि वरच्या कोपऱ्यात गुण वाढतात.

“सांगलीत खरंच झालं होतं म्हणे असं,” मॅडम म्हणाल्या. “काय एकेक काढतात. मी तर आमच्या ऋषिराजचा फोनच काढून घेतला.”

“तो हा गेम खेळत होता?”

“छे हो. दहावीला आहे तो.”

मी चहा संपवला. ते माझे वडील होते असं सांगितलं असतं तर मॅडम रडल्या असत्या, मग सगळी स्टाफरूम भोवती जमली असती आणि माझं प्रॅक्टिकल बुडालं असतं. म्हणून बोलले नाही.

त्या आठवड्यात जो भेटेल तो या गेमवर बोलत होता. टीव्हीवर एक निवृत्त फौजदार, एक समुपदेशक आणि एक कीर्तनकार एकाच वेळी बोलत होते. मुलांवर संस्कार उरले नाहीत यावर तिघांचं एकमत होतं, फक्त दोष कुणाचा यावर भांडण होतं. दुसऱ्या बाजूला एक तरुण होता. खेळ हा खेळ असतो, असं तो प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होता. यांच्यापैकी कुणी गेम उघडून पाहिला असेल असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं नाही.

मी तो उतरवून घेतला आणि खेळले. बनवणारे कुठले कोण, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी खून बातमीतून उचलला होता आणि तपशील मनाने भरले होते. खरा मारेकरी चालत आला होता. त्याच्या हातात लोखंडी सळई होती आणि तोंडाला काहीच बांधलेलं नव्हतं. गेममधला मोटारसायकलवर येतो, त्याच्याकडे कोयता असतो आणि तोंडाला काळा रुमाल. इतका फरक पाहून मला आधी थोडं बरं वाटलं. हे आमचे अण्णा नव्हेत, असं म्हणता येत होतं.

तोंड उघडं होतं, यावर आमची सगळी केस उभी होती. खंडणीला नाही म्हटलं म्हणून अण्णांना मारलं. दुकानामागच्या ज्या गल्लीत हे झालं, तिथं कॅमेरा नव्हता. पाहणारा माणूस एकच, आमचे हमाल कोंडीबामामा. गोदामाच्या दारात बसून ते दाभणाने गोण्यांची तोंडं शिवत होते. त्यांनी चेहरा पाहिला, ओळखला आणि पोलिसांना नाव सांगितलं. आरोपी आता जामिनावर होता. पुढच्या महिन्यात खटला सुरू होणार होता आणि पहिली साक्ष कोंडीबामामांचीच होती.

सरकारी वकील क्रांती मॅडमनी आम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. साक्षीदाराशी केसबद्दल बोलायचं नाही. आठवण करून द्यायची नाही, चूक दुरुस्त करायची नाही. “उलटतपासात पहिला प्रश्न तोच येतो,” त्या म्हणाल्या होत्या, “की मालकाच्या घरच्यांनी तुम्हाला काय शिकवून पाठवलं?”

आम्ही ते पाळलं होतं. आई कोंडीबामामांना दिवाळीचा फराळ द्यायची, तेव्हाही फक्त फराळाबद्दलच बोलायची.

शुक्रवारी मदनकाकांचा फोन आला. मदनकाका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. आता दुकान तेच पाहतात.

“ब्राह्मी, रविवारी मोर्चा आहे बघ. गेमवर बंदी आणायची म्हणून. सगळ्या पेठेनं ठरवलंय. तू आणि वहिनी पुढं पाहिजे.”

“आईला नका नेऊ काका.”

“बरं, तू ये. मोर्चानंतर सभा आहे. पेठेतल्या युवा मंचाच्या इंद्रजितनं सगळं अंगावर घेतलंय. शाल-श्रीफळ देऊन कोंडीबाचा सत्कार ठेवलाय.”

“सत्कार? कशाबद्दल?”

“अगं, त्यानं डोळ्यांनी बघितलंय. खरं काय झालं ते तो लोकांना सांगेल. म्हणजे कळेल गेमवाल्यांना.”

“काका, ते साक्षीदार आहेत.”

“म्हणून तर सत्कार.”

मी समजावून पाहिलं. सभेत सगळे फोन वर धरतात. मामा तिथं जे बोलतील ते रेकॉर्ड होईल, पोलिसांना दिलेल्या जबाबाशी जुळलं नाही तर समोरचा वकील ते कोर्टात लावून दाखवेल. काका म्हणाले, जुळणार कसं नाही, खरंच आहे ते. मग म्हणाले, पत्रिका छापून झाल्यात. आमच्याकडे पत्रिका छापून झाली की लग्न मोडत नाही, तिथं सत्काराचं काय घेऊन बसलात.

शनिवारी दुपारी सांगलीत उतरले ती तडक इंद्रजितच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे रस्त्याकडेचा एक गाळा. दाराला टेकवून फ्लेक्स उभा केला होता. त्यावर मधोमध अण्णा, त्यांच्याभोवती मंचाच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि ते सगळे अण्णांपेक्षा मोठे.

“या ताई,” इंद्रजित उठून उभा राहिला. पोरगा वाईट नाही. पूर आला होता तेव्हा त्याने माझ्या आईला होडीतून बाहेर काढलं होतं. “तुम्ही टेन्शनच घेऊ नका. आपल्यामुळं गेमचं नाव कुठल्या कुठं पोचलंय बघा. आधी कुत्रं विचारत नव्हतं, आता लाखांवर लोकांनी घेतलाय.”

“ते चांगलं झालं का?”

“म्हणजे विषय पेटला, असं म्हणतोय मी.”

कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कोंडीबामामा बसले होते. मूळचे म्हसवडकडचे. हमालीत पाठ वाकलेली, पण धोतर स्वच्छ. समोर स्टुलावर टॅब उभा करून ठेवला होता आणि त्यावर ‘हळदगल्ली’ चालू होता.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“रोज दाखवतोय त्यांना,” इंद्रजित म्हणाला. “सोमवारपासनं. पहिल्या दिवशी बोलायलाच तयार नव्हते. आता जरा चीड आलीय. स्टेजवर जोश पाहिजे ना.”

“व्हय ताई,” कोंडीबामामा म्हणाले. “लय वंगाळ काडलंया. आण्णांला पाडत्यात आन् पोरं हसत्यात.”

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. केसबद्दल एक शब्द काढायचा नव्हता. त्यांच्या गुडघ्याबद्दल विचारलं. पण ते स्वतःच बोलायला लागले, सराव केल्यासारखे.

“मी दाभणानं गोण शिवत व्हतो. आण्णा दारात हुबं. तवर फटफटी आली, हिकडनं. त्यो उतरला. त्वांडाला काळा रुमाल...”

“मामा, चहा घेणार?” मी मध्येच म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

“घिऊ की.”

प्रयोगशाळेत नमुना बाटलीत भरताना त्यात दुसरं काही पडलं तर आम्ही तो टाकून देतो आणि नवा घेतो. इथं नवा कुठून आणायचा?

इंद्रजितला मी बाहेर नेलं आणि नीट सांगितलं. चेहरा उघडा होता म्हणून मामांनी त्याला ओळखलं. रुमाल होता असं म्हणाले तर ओळखलं कसं, हा पुढचा प्रश्न. उत्तर नाही, म्हणजे आरोपी घरी. हे ऐकताना त्याचा चेहरा पडत गेला. त्याला खरंच कळलं असं मला वाटलं.

“मग बोलायलाच नको त्यांनी,” तो म्हणाला. “नुसती शाल, नारळ, फोटो. खलास.”

“सत्कारच नको.”

“ताई, नाव छापलंय. नाही केला तर म्हातारा काय म्हणेल? त्याचा मुलगा-सून गावाकडनं यायलेत.”

मी मान्य केलं. दुसरं काही पदरात पडत नव्हतं.

रविवारी मोर्चात माणसं खूप होती. शाळांनी मुलं पाठवली होती. त्यांच्या हातातल्या पाट्यांवर कोयत्याची चित्रं होती, गेममधूनच छापून घेतलेली, चांगली रंगीत. एका चिमुरड्याने ती पाटी तलवारीसारखी फिरवून शेजारच्याला मारली आणि बाईंनी त्याला रांगेतून बाहेर काढलं.

सभेला पहिल्या दोन रांगांत माजी सैनिक बसले होते, छातीवर पदकं लावून. भाषणं झाली. एक जण मोबाईलवर बोलला, एक जण पाश्चात्त्य संस्कृतीवर, एक जण येत्या निवडणुकीवर. आरोपीचं नाव कुणी घेतलं नाही. तो जामिनावर बाहेर आहे, पेठेतच फिरतो, हेही कुणी बोललं नाही. गेम करणारे लांब होते, त्यांना शिव्या देणं सोपं होतं.

मग सत्कार. कोंडीबामामांना शाल घातली, नारळ दिला, फोटो झाले. इंद्रजितने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे झालं.

पण सूत्रसंचालन करणारा कुणी दुसराच होता आणि त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सत्कार झाला की सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलायचे, ही त्याची आयुष्यभराची सवय.

“आता मी कोंडीबांना विनंती करतो की त्या काळ्या दिवसाची हकीकत त्यांनी आपल्या शब्दांत सांगावी.”

इंद्रजित पुढे झाला, पण तोवर माईक मामांच्या तोंडासमोर होता. मैदानभर फोन वर आले.

“मी हमाल मानूस,” मामा म्हणाले. “मला बोलाय येत न्हाई. पर आण्णांनी मला ल्येकावानी वागिवलं. त्या दिशी मी दाभणानं गोण शिवत व्हतो. आण्णा दारात हुबं. तवर फटफटी आली, हिकडनं...”

स्टेजच्या डाव्या कडेला दुसरा माईक होता, गाणाऱ्या मुलींसाठी ठेवलेला. मी चढले कधी ते मला सांगता येणार नाही. इतक्या लोकांसमोर मी याआधी कधी बोललेलेही नव्हते. मी तो माईक ओढला आणि राष्ट्रगीत सुरू केलं.

सूर फार वर लागला होता. पहिल्या ओळीला मी एकटीच होते. मग पहिल्या दोन रांगा एकदम उठल्या, टाचा जुळल्या, हात बाजूला गेले. त्यांच्यामागे शाळेची मुलं, पेठेतले व्यापारी, सगळे. फोन खाली आले. मदनकाका तोंड उघडं ठेवून उभे होते, मग तेही गायला लागले. कोंडीबामामा नारळ छातीशी धरून ताठ उभे राहिले, त्यांच्या पाठीला जमेल तितके.

आमच्या भागात राष्ट्रगीत झालं की कार्यक्रम संपतो. त्यानंतर कुणी खुर्चीवर परत बसत नाही. लोक चपला शोधायला लागले.

“अध्यक्षांचं भाषण राहिलं ना,” मदनकाका स्टेजखाली माझ्यावर डाफरले. “वेड लागलंय का तुला? चार गावात हसं झालं.”

“होऊ दे.”

“आण्णांसाठीच चाललं होतं ना हे सगळं?”

मी बाजूला जाऊन क्रांती मॅडमना फोन लावला आणि घडलं ते सांगितलं.

“मोटारसायकलचं मी बघते. गल्लीत इतर गाड्याही होत्या असं काही म्हणता येईल,” त्या म्हणाल्या. “चेहऱ्याचं काय म्हणाले?”

“तिथवर पोचले नाहीत.”

“बरं झालं. आता तुम्ही त्यांना काही सांगू नका. काहीही.”

संध्याकाळी मुलगा-सून बसस्टँडवर गेल्यावर मीच कोंडीबामामांना स्कूटरवरून त्यांच्या खोलीवर सोडलं. ते मागे शाल सावरत बसले होते. दारात उतरल्यावर त्यांनी विचारलं, “ताई, माजं काय चुकलं व्हय?”

“नाही मामा. तुमचं नाही.”

ते उंबऱ्यावर टेकले. “एक बोलू? त्यो टॅब बगितल्यापसनं मला दोन दोन दिसत्यात. डोळं मिटलं की एक चालत येतूया. लगीच दुसरा येतूया, फटफटीवर. एकाचं त्वांड दिसतं, एकाचं दिसतच न्हाई. आदी एकच व्हता. रोज त्योच येयाचा, पर एकच.”

मी स्कूटर स्टँडवर लावली.

“आता कोडतात उभा ऱ्हायलो आन् वकिलानं इचारलं, तर मी कंचा सांगू? तुमी शिकल्याली. खरा कंचा त्येवडं सांगा. मी त्योच सांगतो.”

एक शब्द पुरेसा होता आणि तो मला माहीत होता. मी तो उच्चारला असता तर कोंडीबामामांच्या डोळ्यांपुढे तिसरा माणूस उभा राहिला असता, मी उभा केलेला. उलटतपासात पहिल्याच प्रश्नाला तो पडला असता आणि जाताना खऱ्यालाही घेऊन गेला असता.

“मी तिथं नव्हते, मामा,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

“व्हय,” ते म्हणाले. “तुमी वाईला व्हता.”

नारळ खाली ठेवून ते कमरेची किल्ली शोधायला लागले.