हेलवोगच्या सभेतला आठवा विषय

ओलाउग आज सभेत बोलणार, हे हेलवोगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. पण नऊशे वस्तीच्या गावात एखादी बाई आठवडाभर स्वतःशी पुटपुटत दुकानातून दूध आणत असेल, तर लोकांना कळायला कितीसा वेळ लागतो!

मार्चमधला रविवार, दुपारचे दोन वाजलेले. बाहेर मैदानावर धड पाऊसही नाही आणि धड बर्फही नाही असं काहीतरी पडत होतं. क्लबच्या घरात बासष्ट माणसं ओले कोट खुर्च्यांच्या पाठीवर टाकून बसली होती. एरवी वार्षिक सभेला चौदा डोकी जमली तरी पुष्कळ. आज सगळे आले होते ते आठव्या विषयासाठी. बायकांचा फुटबॉलचा संघ, त्याची पहिल्या श्रेणीतली जागा आणि सगळ्या मुली, हे सगळं शहरातल्या मोठ्या क्लबच्या हवाली करायचं की नाही, ते ठरायचं होतं. दोन तृतीयांश लोकांनी हो म्हटलं की संघ गेला.

हेलवोगला पुरुषांचाही संघ होता म्हणा, पण त्याचे सामने बघायला त्या पुरुषांच्या बायकासुद्धा जात नसत. नाव होतं ते बायकांच्या संघाचं. तीनदा देशात पहिला आलेला संघ होता तो. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पुरुषांच्या जुन्या, गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या जर्सी घालून अकरा जणींनी तो उभा केला. गोलमध्ये ओलाउग, तिच्यापुढे बचावाला बोरगिल्ड. त्या अकरांपैकी गावात आता या दोघीच उरल्या होत्या. बोरगिल्ड क्लबची अध्यक्ष झाली आणि ओलाउग, संघाच्या समितीची प्रमुख असूनही, स्वयंपाकघरात राहिली.

तिला तिथे कुणी नेमलं नव्हतं. या लोकांत क्लबचं काम सगळे मिळून फुकटच करतात. कर म्हणून कुणी सांगत नाही, आणि एकदा हातात घेतलेलं काम कुणी काढूनही घेत नाही. सभा म्हटली की कॉफी आणि वॉफल, आणि वॉफल म्हटलं की ओलाउग. छापलेल्या विषयपत्रिकेत पाचव्या विषयानंतर चहापानाची सुट्टी होती. तिने तसाच हिशेब धरला होता. सुट्टीत सगळ्यांना खाऊ घालायचं, मग एप्रन काढायचा आणि आठव्या विषयाला उभं राहायचं. भाषणाचे दोन कागद घडी घालून तिने खिशात ठेवले होते.

चाळीसेक वॉफल झाले आणि फ्यूज उडाला. दोन तवे आणि कॉफीचं यंत्र एकाच तारेवर, दुसरं काय होणार!

"मेल्या, तुला आजचाच मुहूर्त सापडला?" असं फ्यूजला म्हणत ती तळघरात उतरली. बरीच शोधाशोध झाली तेव्हा दिवे आले. ती वर आली तेव्हा बंद दाराआडून कुणा परक्या माणसाचा एकसुरी आवाज येत होता. शहरातल्या क्लबकडून आलेला पाहुणा नमस्कार-चमत्कार करत असेल, असं समजून ती पुन्हा पीठ ओतायला लागली.

मग टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेचनात. ओलाउगने वॉफलचं ताट उचललं आणि कंबरेने दार ढकलून ती आत आली. टाळ्या वाजवणारे सगळे चेहरे तिच्याकडे वळले. दोघातिघांचे डोळे भरलेले होते. पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून तिचा सत्कार करायचा असं काहीतरी मध्यंतरी कानावर आलं होतं. तिला एकदम भरून आलं. लाजेने काय करावं कळेना. तिने ताट टेबलावर ठेवलं, आणि एकटीनेच टाळ्या घेणं बरं दिसत नाही म्हणून तीही वाजवायला लागली.

बोरगिल्डने टेबलावर हातोडी आपटली. "तर आठवा विषय एकमताने, टाळ्यांच्या गजरात मंजूर."

"आठवा?" ओलाउगचे हात हवेतच राहिले. "अगं, अजून सुट्टीसुद्धा झाली नाही!"

पाहुण्याला चारची बोट गाठायची होती, म्हणून आठवा आणि नववा विषय आधी घ्यायचे असं सभेच्या सुरुवातीलाच ठरलं होतं. तेव्हा ओलाउग अंडी फोडत होती. तिला सांगायला हवं हे प्रत्येकाच्या मनात आलं, आणि दुसऱ्याने सांगितलं असेल असं प्रत्येकाने धरलं. दोन घरचा पाहुणा उपाशी, त्यातली गत.

पहिल्या रांगेतला म्हातारा हाल्वदान उठला. एवढ्या सभेत टाळ्या वाजवल्या नव्हत्या त्या त्याने एकट्याने. "ओलाउग आत नव्हती. याला काय मतदान म्हणायचं?"

"कुणाचा विरोध आहे का, असं मी दोनदा विचारलं," बोरगिल्ड म्हणाली. "तू का नाही बोललास?"

हाल्वदानने हातातली टोपी फिरवली. "ती बोलणार होती ना, म्हणून."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

ओलाउग बोरगिल्डच्या टेबलापाशी गेली. ती टेबलावर वाकली. "मुद्दाम केलंस?"

"नाही गं. शपथेवर सांगते." बोरगिल्डची मान खाली होती. "पण खरं सांगू? तू येत नाहीस बघून मला वाटलं, तुला बघवणार नाही म्हणून आतच थांबलीस. आणि मला बरं वाटलं. मग तू आलीस आणि टाळ्या वाजवल्यास."

"मला वाटलं..." ओलाउगने एप्रनला हात पुसले. मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी वाजवताय, हे बासष्ट माणसांसमोर कुठल्या तोंडाने सांगायचं? तिला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हरकत असेल तर सांग," बोरगिल्ड मोठ्याने म्हणाली. "हात वर करून पुन्हा मोजू. तुझा हक्कच आहे तो."

पाहुण्याने घड्याळाकडे पाहिलं. मुलींच्या टेबलावरून ओलाउगची नात सुन्निवा उठून आली. एकोणीस वर्षांची पोर, उजव्या बाजूने धावायला लागली की कुणाच्या बापाला सापडत नसे. ताट उचलायच्या निमित्ताने ती आजीला चिकटून उभी राहिली.

"तूपण वाजवल्यास?" ओलाउगने हळूच विचारलं.

"हो."

"का गं?"

"आजी, आम्ही अठरा जणी. शहरवाल्यांनी सात जणींना आधीच विचारून ठेवलंय. संघ गेला तर अठराच्या अठरा एकत्र जाऊ, कराराच्या कागदातच आहे तसं. नाही गेला तर त्या सात तशाही जाणारच. मग उरल्या अकरा, आणि त्यात गोलकीपरच नाही."

"आणि तू? सातांत का अकरांत?"

सुन्निवाने जॅमच्या भांड्यातला चमचा उगाच सरळ केला. "सातांत," ती म्हणाली.

खिशातले दोन कागद ओलाउगला तोंडपाठ होते. हेलवोगचं नाव, हेलवोगचा मान, हेलवोगच्या तीन ढाली. मुलींबद्दल त्यात एक वाक्य नव्हतं, हे तिला आत्ता कळलं. हात वर केला तर वीस-पंचवीस माणसं नक्की तिच्या मागून हात वर करतील, एवढा तिचा शब्द गावात होता. तेवढ्याने संघ अडला असता आणि नाव राहिलं असतं. माणसं निघून गेलेल्या घराच्या दारावर पाटी राहते, तसं.

"नोंद आहे तशीच असू दे," ती म्हणाली.

"जरा मोठ्याने! मागे ऐकू येत नाही," कुणीतरी म्हणालं.

"माझी हरकत नाही!" ती जवळजवळ ओरडलीच.

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. पाहुण्याने तिचा हात हातात घेऊन आभार मानले, दोन वॉफल कागदी रुमालात गुंडाळले आणि तो बोटीकडे पळाला. सुन्निवा आपल्या टेबलाकडे गेली. तिथे कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली, आणि आजी बघते आहे हे लक्षात येताच हात मागे घेतला.

बोरगिल्डने चष्मा पुसला आणि कागद पुढे ओढला. "विषय नववा. बायकांच्या संघाच्या समितीची निवड. प्रमुख म्हणून..." तिथे ती अडखळली. दरवर्षीप्रमाणे तिथे ओलाउगचंच नाव छापलेलं होतं. बोरगिल्डने तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे.

"हा विषय आता उरत नाही," ती म्हणाली. "पान उलटा."

सगळ्यांनी एकदम पान उलटलं. ओलाउगने बसायला जागा शोधली. गावकऱ्यांसाठी बासष्ट खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्या सगळ्या भरल्या होत्या. तिच्यासाठी कुणी मांडली नव्हती. तिला सभेत बसलेलं कुणी कधी पाहिलंच नव्हतं.