ओल्या तेलावरचा अंगठा

मुंजाबाच्या घरात कुणाचं नाव कधी छापून आलं नव्हतं. वडिलांचं, मल्हाररावांचं, नाव रेशनकार्डावर निळ्या शाईनं लिहिलेलं होतं आणि तेही चुकीचं. आई बानाबाई जन्मभर अंगठाच लावत आली. मेंढरं विकली, कन्नड तालुक्यातला माळ सुटला आणि ती औरंगाबादेत शहागंजातल्या सांडू मिस्त्रीकडे दारं-कपाटांना बेलतेल चोळायला लागली. तिथल्या हजेरीवहीतही वीस वर्षं तिचा अंगठाच उमटला. म्हणून मुंजाबा एम.एस्सी. फिजिक्स होऊन प्रयोगशाळेत लागला आणि घरी येऊन म्हणाला, की माय, एक दिवस माझं नाव छापून येणार, जगभरातले लोक वाचणार, तेव्हा तिनं एकच विचारलं.

"त्यातलं माझ्या पोराचं कोणतं, ते मला दावशील ना?"

"दावीन की. बोट ठेवून दावीन."

प्रयोगशाळा म्हणजे एका महाविद्यालयाच्या मागचं पत्र्याचं शेड. काम मात्र साता समुद्रापलीकडचं. तिकडे युरोपात जमिनीखाली एक भला मोठा गोल बोगदा होता. त्यात दोन्ही बाजूंनी कण सोडायचे, त्यांची टक्कर घडवायची आणि टकरीतून जे उडेल ते टिपायला भोवती चारमजली डिटेक्टर उभा करायचा. त्या डिटेक्टरच्या अगदी बाहेरच्या थरातल्या चाळीस पेट्या औरंगाबादेत बनणार होत्या. एका पेटीत बेकेलाइटच्या दोन पातळ प्लेटा, त्यांच्यामध्ये दोन मिलिमीटरची फट, फटीत वायू आणि प्लेटांना हजारो व्होल्टचा दाब. कण आरपार गेला की तिथं बारीक ठिणगी पडते आणि तो कुठून गेला ते कळतं. प्लेटेची आतली बाजू मात्र गुळगुळीत हवी, नाहीतर कण नसतानाही ठिणग्या पडत राहतात. त्यासाठी तिला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा.

परदेशातून आलेल्या सूचनांमध्ये जवसाचं तेल वाचलं तेव्हा मुंजाबाला हसूच आवरेना. संध्याकाळी त्यानं आईला सांगितलं.

"म्हंजी आपलं बेलतेल?" बानाबाई म्हणाली. "त्या गोऱ्या लोकायला बी तेच लागतंय?"

"तेच. जरा साफ केलेलं."

"आन् तिकडं काय एडक्यावानी टकरा लावत्यात व्हय?"

"व्हय. लई बारीक एडके. डोळ्याला दिसत नायत."

"मग हारतं कोण?"

याचं उत्तर मुंजाबाला पुढे काही वर्षांनी मिळालं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

या विषयातल्या शोधनिबंधाला दोन-दोन, तीन-तीन हजार लेखक असतात. ज्यानं ज्यानं डिटेक्टरला हात लावला, त्याचं त्याचं नाव आडनावाच्या क्रमानं छापतात. पण यादीत शिरायचं तर गटप्रमुखाची शिफारस लागते. औरंगाबादचे गटप्रमुख होते प्राध्यापक बद्रीनाथ काळवणे. बिडकीनकडच्या मोठ्या शेतकरी घरातले, बोलायला गोड, कुणाला नाही म्हणून कधी म्हणत नसत. नाही म्हणायची पाळी आली की 'पुढच्या वेळी' म्हणत. मुंजाबाची नेमणूक हंगामी होती, दर सहा महिन्यांनी नव्यानं आदेश निघे आणि त्यावर सही काळवणे सरांची. म्हणजे मुंजाबाचं पोट आणि नाव दोन्ही एकाच खिशात होतं.

दोन हजार चार सालचा मे महिना. ब्याऐंशी प्लेटा आल्या होत्या, दोन वाटेतच फुटल्या, उरल्या बरोबर ऐंशी. चाळीस पेट्या जूनच्या पहिल्या आठवड्यात बंदरावर पोचायला हव्या होत्या. सूचनांमध्ये लिहिलं होतं, की तेलाचा हात दिल्यावर प्लेटा साध्या हवेत बारा दिवस वाळू द्याव्यात. मुंजाबानं हिशेब करून सरांना दाखवला. बारा दिवसांचं गणित तारखेत काही केल्या बसत नव्हतं, कारण सरांनी एप्रिलचा पूर्ण महिना परिषदांमध्ये घालवला होता. हे अर्थातच मुंजाबानं हिशेबात लिहिलं नव्हतं.

"हीटर लावू," सर म्हणाले. "तीन दिवसांत होऊन जाईल."

मे महिन्यात, औरंगाबादेत, पत्र्याच्या शेडात हीटर लावणारा माणूस एक तर खुळा असतो नाहीतर त्याच्या मानेवर तारीख बसलेली असते. शेडात उभं राहवेना. प्रयोगशाळेतला शिपाई पुंजाराम दर तासाला बाहेर जाऊन डोक्यावर पाणी ओतून येई. पण तिसऱ्या दिवशी प्लेटा खरंच वाळल्या. बोट लावलं तर चिकटत नव्हत्या. सर खूश झाले.

घरी मुंजाबानं आईला मोठ्या कौतुकानं हे सांगितलं. बानाबाईनं भाकरी थापता थापता हात थांबवला.

"बेलतेल धगीनं वाळत नसतंय बापू. त्याला हवा पायजे. धग दिली की वर साय धरती दुधावानी, आन् खाली वल्लंच ऱ्हातंय. सांडू मिस्त्रीनं एकदा लग्नाच्या घाईचं कपाट आसंच शेगडीजवळ वाळवलं. उन्हाळ्यात समदं तेल घामावानी बाहीर आलं. नवरीचा शालू गेला."

"मग आतून वाळलं का नाय, ते कसं वळखायचं?"

"आंगठा टेकवायचा, दाबायचा आन् फिरवायचा. वाळलं आसंल तर आंगठा जागच्या जागी फिरतंय. वल्लं आसंल तर साय सरकती, सुरकुत्या पडत्यात. पर मंग तेवढी जागा बाद व्हती, पुन्हा घासावं लागतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर यायच्या आत मुंजाबानं हातमोजा काढला. प्रयोगशाळेत याहून मोठं पाप नव्हतं. प्लेटेला उघडा हात लागला तर घाम लागतो, म्हणून ती टाकून द्यायची असा नियमच होता. एक प्लेट जाईल, एकोणचाळीस पेट्या होतील, पण त्या तरी नीट होतील, असा त्यानं विचार केला. त्यानं एका प्लेटेच्या कोपऱ्यात अंगठा टेकवला, दाबला आणि फिरवला. साय सरकली. अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या उठल्या आणि खालून ओलं तेल चमकलं. माय खरं बोलत होती, आणि ते खोटं ठरावं असं मुंजाबाला त्या घटकेला मनापासून वाटलं.

सर आले. त्यांनी प्लेट पाहिली, मग मुंजाबाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"एवढं शिकूनसवरून शेवटी अंगठाच लावलास तू," ते हसत म्हणाले.

"सर, आतून ओलंय. हे तापलं तर बाहेर येईल. पुन्हा वाळवायला पायजे."

"बाकीच्या एकोणऐंशी प्लेटांवर पण अंगठे उमटवायचे का आता? इकडे बघ." त्यांनी टेबलावरचं एक कार्ड उचललं. प्रत्येक प्लेटेसोबत असं एक कार्ड जायचं होतं आणि त्यावर काम करणाऱ्याची सही लागायची. "इथं काय छापलंय? पृष्ठभाग कोरडा, होय किंवा नाही. पृष्ठभाग, मुंजाबा. पोटात काय आहे ते कुणी विचारलेलं नाही."

मुंजाबानं कार्ड हातात घेऊन वाचलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"तारीख हुकली तर आपला वाटा दुसऱ्या गटाला जाईल. मग लेखकांच्या यादीत आपण कुठले? मी या वेळी तुझं नाव देणार होतो."

सरांनी आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. नाव देणार होतो, एवढंच म्हणाले, आणि त्या 'होतो'नं मुंजाबाचे पाय मोडले. खोटं बोलायचं तर माणसाला आडोसा लागतो, आणि सरांनी तो कार्डावर छापलेलाच दाखवला होता. दोन दिवस खुर्चीत बसून त्यानं ऐंशीतल्या एकोणऐंशी कार्डांवर सही केली. पृष्ठभाग कोरडा, होय. अंगठ्याच्या प्लेटेवर मागून पेन्सिलीनं 'बाद' लिहून ती त्यानं भिंतीशी उभी केली आणि आपण निदान एवढं तरी सचोटीनं केलं, अशी स्वतःची समजूत घातली.

"काय केलं रे त्या तेलाचं?" त्या रात्री जेवताना बानाबाईनं विचारलं.

"पुन्हा वाळू देतोय. चांगलं पंधरा दिवस."

"शाणा हायेस," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या ताटात तूप वाढलं. मुंजाबानं ते खाल्लं.

पेट्या चिकटवायच्या शेवटच्या दिवशी सरांनी त्याला कागदपत्रांसाठी जकातीच्या कचेरीत पाठवलं. परत आला तर चाळीसच्या चाळीस पेट्या लाकडी खोक्यांत ठोकून तयार. भिंतीशी उभी केलेली प्लेट नव्हती.

"पुंजाराम, ती बाद प्लेट कुठंय?"

"चिटकवली की," पुंजाराम म्हणाला. "येक कमी पडत व्हती. सर म्हणले, कोपरा तर हाय, काय व्हतंय त्याला. मागं पेन्सिलीनं काय लिवलं व्हतं ते मीच पुसलं."

मुंजाबाला सरांच्या खोलीपर्यंत वीस पावलं चालायची होती. दार उघडं होतं, आत सर फोनवर कुणाशी तरी हसत होते. तो चालला नाही. ऐंशीवं कार्ड टेबलावर त्याची वाट पाहत पडलं होतं. त्यानं त्यावरही सही केली. भीती होती, लोभ होता, थकवा होता. नाव काहीही द्या, पण कुणी हात धरून सही करवली नव्हती हे खरं.

आणि गंमत अशी, की पेट्या चालल्या. बंदरावर जाण्याआधी आकाशातून येणाऱ्या कणांवर त्यांची चाचणी घेतली तेव्हा चाळीसच्या चाळीस पास झाल्या. सरांनी सगळ्यांसमोर मुंजाबाच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून मुंजाबालाही वाटू लागलं, की मायचं कपाट वेगळं आणि ही पेटी वेगळी.

पेट्या गेल्या, बोगद्यात बसल्या. पहिला शोधनिबंध आला तेव्हा लेखकांच्या यादीत काळवणे बद्रीनाथ होते, मुंजाबा नव्हता. सर म्हणाले, पुढच्या वेळी. दुसरा आला, तिसरा आला. दर वेळी बानाबाई विचारायची, आणि तो म्हणायचा, छपाईला गेलंय. अशी सहा वर्षं गेली. बानाबाईचे गुडघे गेले, तिनं शहागंजचं काम सोडलं. विचारणं मात्र सोडलं नाही.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात सरांनी त्याला खोलीत बोलावलं. आवाज नेहमीसारखाच गोड होता. औरंगाबादच्या पेट्यांमधून वीज गळायला लागली होती. यंत्रांच्या उष्णतेनं बोगद्यातली ती जागा तापली आणि आधी चार, मग एकोणीस, मग सगळ्याच पेट्या बंद कराव्या लागल्या. डिटेक्टरच्या नकाशावर तेवढा भाग आता काळा होता. तिकडच्या लोकांनी एक पेटी बाहेर काढून कापून पाहिली होती आणि अहवाल पाठवला होता.

"सातवं चित्र बघ," सर म्हणाले.

पानभर मोठं चित्र होतं. तपकिरी प्लेट, जागोजागी तेलाचे थेंब आणि कोपऱ्यात एक अंगठा. रेष न् रेष स्पष्ट उमटलेली, भोवती सुरकुत्या. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, की काम करणाऱ्यानं हातमोजा न घालता प्लेट हाताळल्याचा पुरावा. सगळा गोंधळ अशाच निष्काळजी हाताळणीतून झाला असावा. चाळीसातून नेमकी तीच पेटी त्यांच्या हाताला लागली होती. हीटरचं नाव अहवालात कुठंही नव्हतं. तिकडे हीटरबद्दल सांगणारं कुणी नव्हतं, आणि इकडे ज्यांना विचारलं त्यांनी सांगितलं नव्हतं.

"मला कळवावं लागलं," सर म्हणाले. "की हंगामी माणूस होता, आता आपल्याकडे नाही."

"आता नाही म्हणजे? मी तर हाये की सर."

"या महिनाअखेरपर्यंत," सर म्हणाले. अहवालाच्या पहिल्या पानावर लेखकांची नावं होती, त्यात त्यांचंही होतं. ज्या अहवालानं त्यांच्या पेट्या मोडीत काढल्या, त्याचेही ते लेखक होते.

मुंजाबा अहवालाची प्रत घेऊन घरी आला. मायला सांगून टाकू, असं त्यानं ठरवलं. सरांनी कसं फसवलं, कसं तोंडघशी पाडलं, सगळं. माय तरी आपल्या बाजूनं रडेल, एवढीच त्याची आशा उरली होती.

बानाबाई उंबऱ्यापाशी पाय पसरून बसली होती. त्याच्या हातातला छापील कागद पाहून तिचा चेहरा उजळला.

"आलं?"

तो काही बोलायच्या आत तिनं कागद ओढून घेतला. अक्षरं तिला परकी होती, ती तिनं भराभरा उलटली. सातव्या चित्रावर मात्र हात थांबला. तिनं कागद उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले. वीस वर्षं तेल चोळलेल्या बाईला तिथं काही वाचून दाखवायची गरज नव्हती.

"हे वल्लं व्हतं," ती म्हणाली. "वरून साय धरलेली. कुणीतरी आंगठा फिरवून बघितलंय." मग तिनं विचारलं, "आंगठा कुणाचा?"

"माझा."

तिनं कागद खाली घेऊन त्याच्याकडे पाहिलं. मुंजाबाच्या तोंडाशी आलेलं सगळं, सर, हीटर, पुंजाराम, तारीख, आत जिरून गेलं.

"म्हंजी तुला ठावं व्हतं," ती म्हणाली. "आन् मला म्हणलास, वाळू देतोय."

मुंजाबा उंबऱ्यावर टेकला. बानाबाईनं कागदाची घडी केली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि भिंतीला धरून उठायला लागली. उठता उठता थांबली.

"ह्याच्यात तुझं नाव कुठंय?"

"नाव नाय, माय. कुठंच नाय."

"बरं झालं," ती म्हणाली आणि आत गेली.