अपिलाचे उरलेले दोन दिवस

अपिलाच्या मुदतीचे दोनच दिवस उरले होते. मंगळवार पेठेतल्या वकीलबाईंच्या ऑफिसात पोरीला घेऊन शिरताना आकारामची मान काही वर होईना.

पोरगी म्हणजे क्रांती. एका डोळ्यानं अंधूक दिसायचं, दुसऱ्यानं तेवढंही नाही. तरी बी.कॉम. झाली, आणि दिव्यांगांच्या राखीव जागेवर एका शिक्षणसंस्थेत क्लार्क म्हणून निवडली गेली. सगळ्या गडमुडशिंगी गावात पेढे वाटून झाले, अन् आठव्या दिवशी संस्थेचं पत्र आलं: नजर अधू असल्याने काम झेपणार नाही, निवड रद्द, हरकत असल्यास तीस दिवसांत अपील करावे. आता बोला! जागा अधू नजरेवाल्यांचीच होती की.

आकाराम वकील शोधायला निघाला. आपल्याकडं वकील शोधायचा म्हणजे आधी पावणं शोधायचं. मेव्हण्याच्या ओळखीतला निघाला जमिनीच्या वाटण्यांचा, साडूच्या ओळखीतला घटस्फोटांचा. दोघांनी चहा पाजला आणि हा दिव्यांगांचा कायदा आपण कधी उघडलेला नाही म्हणून हात वर केले. शेवटी दूध संस्थेतल्या तात्यांनी अॅडव्होकेट नंदिनीचं नाव सुचवलं. या केसेस तीच लढवते, म्हणाले.

तेव्हा आकाराम एकटाच या ऑफिसात येऊन गेला होता. दार उघडायला बाई स्वतः आली, दोन्ही काखांत कुबड्या. ही काय कोर्टाचे जिने चढणार, असं त्याच्या मनात आलं, आणि मनातच राहिलं असतं तरी बरं झालं असतं. जरा पळापळ करणारा माणूस पायजे हुता, असं तिच्या तोंडावर म्हणून हा बाबा माघारी फिरला. घरी थाप मारली की गाठच पडली नाही. पुढं एका धडधाकट वकिलानं उद्या या, परवा या करत सोळा दिवस घालवले आणि काल फाईल परत हातात दिली. तेव्हा क्रांतीनंच तात्यांकडून नंबर घेऊन आजची वेळ ठरवली होती.

नंदिनीनं आकारामला पाहिलं. ओळखलं, हे त्याला कळलं. पण ओळख न दाखवता ती कागद वाचत राहिली. केस चांगली आहे, पण आजच लिहायला बसावं लागेल, म्हणाली; मग इतका उशीर का केलात, असं तिनं विचारलं.

"आप्पा आलते की मागं," क्रांती म्हणाली. "तुमची गाठ पडली न्हाय म्हणालते."

नंदिनीनं नजर कागदावरच ठेवली. तिनं सांगितलं नसतं, हे आकारामला स्पष्ट दिसत होतं. थाप तशीच खपली असती. पण ती त्यालाच पेलवेना.

"गाठ पडलती, पोरी," तो म्हणाला. "बाईंच्या कुबड्या बघून मीच माघारी फिरलो."

 क्रांतीची बोटं फाईलच्या कडेवर थांबली.

"तुमी भाईर बसा, आप्पा," ती म्हणाली. "माझं मी सांगते."

तो बाहेर बाकड्यावर येऊन बसला. आतून तिचा आवाज येत होता, जन्मतारीख, शाळा, पत्राचा दिवस, सगळं ती नीट सांगत होती. दोन दिवसांत अपील जाईल की नाही, ही धास्ती होतीच. पण घरी जाताना रस्ता ओलांडायला ती नेहमीसारखा आपला हात धरेल का, याचं त्याला त्याहून जास्त भ्याव वाटत होतं.