तेर्साचं शेपूट

जन्मभर आगबोटींवर कुक म्हणून राबलेल्या कैतानचं म्हातारपणी देवाकडे एकच मागणं होतं: माशाची कढी गरम असताना आपल्या पानात पडावी. आणि नेमकी देवाची प्रार्थनाच या मागण्याच्या आड येत होती. आता गाऱ्हाणं न्यायचं तरी कुणाकडे?

त्याची बायको आंजेलीन हे रत्नागिरीच्या त्या खाडीकाठच्या क्रिस्तांव वाडीतलं मोठं प्रस्थ. चर्चमधलं प्रार्थना मंडळ तिच्या हाती. रविवारी वाडीतली पोरं तिच्या ओटीवर दोत्रिन शिकायला यायची. देव कोण, पाप कशाला म्हणतात, कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला जाताना काय बोलावं, हे सगळं ती त्यांच्याकडून घोकून घ्यायची. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की कोनाड्यातल्या सायबिणीपुढे, मारियामातेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लागे आणि तेर्स सुरू होई. मण्यांची माळ ओढत नमान मारिये म्हणत जायचं. एरवी घरचेच दोघं, पण ऑक्टोबर हा तेर्साचा महिना, त्यामुळे शेजारपाजारही ओटीवर येऊन बसे.

तेर्साबद्दल कैतानचं काही म्हणणं नव्हतं. तो चांगला श्रद्धाळू माणूस होता. त्याचं भांडण होतं तेर्साच्या शेपटाशी. माळ संपली की आंजेलीन एकेकाच्या नावाने वरचा एकेक ‘आमच्या बापा’ म्हणायची. एक मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी, एक कैतानच्या आईसाठी, एक शेजारच्या बस्त्यांवच्या गुडघ्यासाठी, एक फादरांच्या पोटासाठी, एक ज्याच्या मरणाच्या वेळी जवळ कुणी नाही त्याच्यासाठी. पलीकडची सोनूबाई हिंदू, तिचा घोव मुंबईला गिरणीत. तीसुद्धा कुंपणाशी येऊन सांगायची, ‘आंजेलीनबाय, तुमच्या आईला माज्या घोवाचं सांगा हां.’ की तोही धरला. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या मुलीला स्थळ येईना, कुणाची कोंबडी चार दिवस खुडूक होऊन बसली, सगळ्यांची वर्णी लागे. माणूस अडचणीतून सुटला तरी त्याच्या नावचा आमच्या बापा सुटत नसे. मारुतीच्या शेपटासारखं ते शेपूट रोज वाढतच होतं.

आणि या शेपटात एक जुना आमच्या बापा होता, ‘दर्यावर असा तेच्यासाठी’. तो आला की कैतान मनातून सुखावायचा. लग्नापासून बायको आपल्यासाठी तो म्हणत आली, हे त्याला ठाऊक होतं. आता नोकरी सोडून आपण घरी येऊन बसलो, तरी बिचारीच्या तोंडून तो सुटत नाही. बायको असावी तर अशी, असं त्याला वाटे. फक्त जरा आटपतं घ्यावं, एवढंच.

तोवर आत चुलीवर बांगड्याची कढी निवून जाई. ‘बोटीवर घंटा झाली की कप्तानाच्या पानात वाफ येयत असायची,’ कैतान म्हणायचा, ‘आणि हंय माझ्या घरात माकाच थंड!’ यावर आंजेलीनचं उत्तर ठरलेलं असे. ‘कप्तान नरकात गेलो आसतलो. थंय सगळा गरमच मेळता.’

शेवटी कैतानने युक्ती लढवली. एका रविवारी चर्चमध्ये मीस झाल्यावर तो फादरांना गाठून हळूच म्हणाला, ‘फादर, तेर्स बरो. पण शेपटाचा कायतरी करा.’ फादर नवे होते, तरुण होते आणि एकदा आंजेलीनच्या ओटीवर गुडघे टेकून बसले होते. त्यांना अधिक सांगावं लागलं नाही. पुढच्याच रविवारी त्यांनी वेदीवरून सांगितलं की प्रार्थना लांब असण्यापेक्षा खोल असावी, आणि घरच्या तेर्साला वरचे आमच्या बापा तीनच म्हणावेत. कैतान मागच्या बाकावर इतका भक्तिभावाने मान डोलवत होता की आंजेलीनला सगळं समजलं.

 घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘फादरांचा सांगणा मोडूचा नाय. कुठले तीन ठेवूचे ता तुमीच ठरवा. घरचे कर्ते तुमी.’

कैतानच्या गळ्यात हे लोढणं असं आलं. वाडीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. संध्याकाळच्या आत बस्त्यांव लंगडत हजर झाला. त्याच्या पंच्याआड बाटली होती. ‘कैतान, गुडघो म्हणजे साधी गजाल न्हय. गुडघोच टेकूक गावलो नाय तर देवाच्या पायां पडतलंय कसो?’ बाटलीकडे पाहता हा मुद्दा कैतानला एकदम पटला. मागोमाग सोनूबाई तवशाचे गरमागरम घारगे घेऊन आली. तिने काही मागितलंच नाही. घारगे ठेवले, पदराने डोळे टिपले आणि गेली. घारगे खाऊन झाल्यावर तिच्या घोवाला गाळायचं धैर्य कैतानला होईना. उरला एक. त्यात आईला वगळलं असतं तर ती स्वर्गातून खाली आली असती, आणि तिचा स्वभाव आंजेलीनइतकाच कैतानलाही माहीत होता.

असे तीन ठरले. बाकीच्यांना काट मारायची, तर सुरुवात स्वतःपासून करावी, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको, असा उदार विचार कैतानने केला. ‘पयलो माझोच काढ,’ तो ऐटीत म्हणाला. ‘तो दर्यावरचो. आता मी घराकडे असंय, माका कित्याक होयो?’

आंजेलीन तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

इथे कैतानच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या घरात कुणी बोलत नसे. त्यांना एकच मुलगा, इनास. दर्या काय असतो ते कैतानने पाहिलं होतं, म्हणून मुलाने तिकडे फिरकू नये असं त्याच्या मनात होतं. त्याने इनासला गावातल्या एका सुताराकडे कामाला लावलं. पण बापाच्या तोंडून लहानपणापासून एडन आणि मोंबासा ऐकलेलं पोर रंध्यात कसलं रमतं? कैतान कायमचा घरी आला आणि काही महिन्यांत एका सकाळी इनास मांडवी बंदरावरून मुंबईच्या आगबोटीत चढला, तिथून कुठल्याशा मोठ्या बोटीवर लागला. कैतान स्वतः त्या वयात अस्साच, त्याच धक्क्यावरून पळाला होता, पण ती गोष्ट वेगळी. ‘ह्या घरात तेचा नाव निघता नये,’ त्याने बजावलं होतं. आणि निघालं नव्हतं.

त्या संध्याकाळी ओटी भरली होती. बस्त्यांव बाकड्यावर पाय लांब करून बसला होता. सोनूबाई कुंपणाशी उभी होती. आत चुलीवर तिरफळं घातलेली बांगड्याची कढी रटरटत होती आणि तिचा वास सायबिणीपर्यंत पोचत होता. माळ संपली. आंजेलीनने सासूचा आमच्या बापा म्हटला, गुडघ्याचा म्हटला, सोनूबाईच्या घोवाचा म्हटला. झाले तीन. कैतानने समाधानाने गुडघे उचलले.

‘दर्यावर असा...’ आंजेलीनच्या तोंडून सवयीने निघालं. तिने ओठ मिटले. पण तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते काही तिला मिटवता येईना.

‘अगो, मी हंय बसलंय मां!’ कैतान हसून म्हणाला. ‘रडतंस कित्याक?’

आंजेलीनने वळून त्याच्याकडे बघितलं.

‘तो तुमचो न्हय,’ ती म्हणाली. ‘तुमी कायमचे घराकडे इलास, त्या दिवशीच तुमचो सपलो. मगे कितके महिने मी तो म्हटलंयच नाय. तुमच्या ध्यानात तरी इला? इनास गेलो, त्या सांजेक परत सुरू केलंय. नाव घेवक तुमी बंदी केलास. देवाक नाव लागणा नाय.’

 बस्त्यांवने दुखरा पाय हळूच जवळ ओढून घेतला. कैतानला आधी लाज वाटली. इतके दिवस आपण दुसऱ्याच्या प्रार्थनेवर खूश होत बसलो, आणि आज मोठ्या ऐटीत आपल्याच पोराला काट मारली. मग त्याला भीती वाटली. दर्यावरच्या रात्री त्याला माहीत होत्या. वादळात स्वयंपाकघरातली भांडी कशी उडतात, उकळत्या पाण्याने हात कसे पोळतात, आणि तशा वेळी घरी कुणीतरी आपलं नाव घेत असेल, एवढ्याच आधारावर माणूस कसा उभा राहतो, हेही माहीत होतं. त्याचं स्वतःचं नाव तरी घरी घेतलं जात होतं. पोराला त्याने तेवढंही ठेवलं नव्हतं.

तो पुन्हा गुडघ्यांवर बसला. ‘आमच्या इनासासाठी,’ तो मोठ्याने म्हणाला, आणि आमच्या बापा त्याने स्वतःच सुरू केला. निम्म्यापर्यंत नीट गेला. मग ती ओळ आली, आमच्याशी चुकलेल्यांना आम्ही जशी क्षमा करतो तशी तू आम्हाला कर. जन्मभर रोज म्हटलेली ती ओळ. तिथे त्याचा आवाजच फुटेना. आंजेलीनने ती पुढे नेली, मग बस्त्यांवने, मग सगळ्या ओटीने.

एकदा मोडल्यावर नियमाचं काय राहतं? ज्याच्या मरणाच्या वेळी जवळ कुणी नाही तो परत आला, फादरांचं पोट आलं, म्हैस आली, कोंबडीसुद्धा आली.

शनिवारी कैतान कुमसाराला गेला. मुलाचं सगळं सांगून झाल्यावर तो चाचरत म्हणाला, ‘आणि फादर, तीनाचो नियम मोडलंय.’  जाळीपलीकडून फादर म्हणाले, ‘प्रायश्चित्त म्हणून रोज एक आमच्या बापा जास्त म्हणायचा.’

म्हणजे शेपूट आणखी वाढलं, आणि ते कैताननेच वाढवून आणलं. त्या संध्याकाळी घंटा झाली तेव्हा सोनूबाई कुंपणाशी होती, बस्त्यांव बाकड्यावर होता आणि चुलीवर कढीला नुकतीच उकळी फुटली होती. आंजेलीनने माळ हातात घेतली.

‘आज इनासाचो पयलो घे,’ कैतान म्हणाला. ‘माळेच्या आदी. कढी निवांदे.’