पास झालेली पोरगी

थोरल्याला लहानपणापासून एक खोड. एकदा बघितलं की बघितलं. पुन्हा बघायला जणू त्याच्या डोळ्यांना भाडं पडतं. मोठ्या बाई हे त्याच्या तोंडावर सांगत. पोटचा पोरगा असला म्हणून काय झालं!

खाली त्यांचा शिलाईचा कारखाना, वर घर. शिवून आलेला सदरा थोरला ट्यूबलाइटसमोर धरायचा. भोक नाही, टाका सुटलेला नाही, की मारला ठप्पा: पास. पास झालेला माल पुन्हा टेबलावर घ्यायचा नाही, हा त्याचा कायदा.

तोच त्यानं पोटच्या पोरीला लावला.

ठकी एकोणीस वर्षांची. वर्षभर तिला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू येत होती. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्या दिल्या, मेंदूचा फोटो काढायला लावला. थोरल्यानं फिल्म खिडकीशी धरली. "बघ आई, डाग नाही, गाठ नाही. सगळी नाटकं." गोळ्या गेल्या त्याच्या कपाटात आणि ठकीच्या दाराला बाहेरून कुलूप लागलं. कामगारांना सांगितलं, मामाकडे गेलीय.

डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा मोठ्या बाई समोरच बसल्या होत्या. "गाठबीठ नाही ना, एवढंच बघायला हा फोटो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्याला पोचवणारे पांढरे धागे असतात. या आजाराच्या पुष्कळ तरुण मुलांचे फोटो एकत्र मोजले, तर सरासरीनं त्या धाग्यांत थोडा फरक सापडतो. एकट्या पोरीच्या फोटोत तो डोळ्यांना दिसत नाही."

"मग आजार ओळखायचा कसा?"

"तिच्याशी बोलून, आजी. तिचं ऐकून घेऊन."

थोरलाही तिथंच होता. पण फिल्म हातात पडली आणि त्याचे कान मिटले.

आता मोठ्या बाई दिवसभर त्या दाराबाहेर स्टुलावर बसत. गुडघे धरलेले; जिना उतरणं बंद झालं होतं. किल्ली थोरल्याच्या खिशात. ज्या घरात त्यांच्या शब्दाशिवाय चूल पेटत नव्हती, तिथं त्यांना एक दार उघडता येईना. खालच्या मशिनींनी फरशी थरथरायची, आणि आत ठकी कपाट नि भिंत यांच्या फटीत बसून कुणाला तरी उत्तरं द्यायची.

"आजी, ते म्हणतात तू मेलीस."

"त्यांना म्हणावं, घाई नको. मला अजून तुझ्या बापाला सरळ करायचंय."

आतून जरासं हसू आलं. मग बारीक आवाज, "आजी, हे कुलूप कुणाला आत येऊ नये म्हणून आहे, की मी बाहेर जाऊ नये म्हणून?"

मोठ्या बाईंनी कुलूप मुठीत धरून ओढून बघितलं.

दुपारी थोरल्यानं ताट द्यायला कुलूप काढलं. मोठ्या बाईंनी ताट हिसकावलं, भिंत धरत आत गेल्या आणि ठकीच्या पलंगावर बसल्या. खिडकीला पोरीनं आतून कागद चिकटवले होते. हवा कोंदट, शिळी.

"आई, बाहेर ये."

"लाव कुलूप. दोघींना एकच पुरेल."

"वेड्यासारखं करू नकोस."

"गोळ्या आण. उद्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं तिला."

"फोटो स्वच्छ आलाय! आणि हळू बोल, खाली ऐकू जातं. कारखान्यात कळलं तर काय तोंड दाखवू?"

हळू बोलणं मोठ्या बाईंना जन्मात जमलं नव्हतं. आज तर त्यांनी आवाज चांगलाच चढवला. "कळू दे! ठकी मामाकडे नाही, इथं कोंडलीय! सगळ्यांना कळू दे!"

खालची एक मशीन थांबली. मग दुसरी. मग सगळ्याच. थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला. ठकी फटीतून उठली आणि आजीच्या पाठीला चिकटून बसली.

"झालं, कळलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "आता लपवायला काही उरलं नाही तुझ्याकडे. ऐक थोरल्या, आजारी ती आहे आणि भित्रा तू. तिच्यावर औषध निघालंय. तुझ्यावर कुठलंच नाही. म्हणून आधी तिचं बघू. हो बाजूला दारातून."