पुढे धावलेला मणी

"टेबलाला हात लावलास?" मणीमास्तरांनी दरडावून विचारलं.

"नाही हो सर! श्वाससुद्धा धरून ठेवलाय," त्यांची विद्यार्थिनी म्हणाली.

टेबलावर मुद्दाम ठेवलेल्या पेल्यातलं पाणी जराही हललं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर मात्र भलतंच घडलं होतं. प्रकाशझोताच्या चिमटीत धरून पाण्यातून ओढला जाणारा काचेचा मणी मागे रखडायचं सोडून चिमटीच्या पुढे धावला होता. नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही एवढासा जीव. पाण्याच्या कणांनी त्याला फुकटात ढकललं होतं. मास्तरांनी पुन्हा पेल्याकडे पाहिलं. टेबल हललंच नव्हतं.

अशी उलटी ओढ क्वचितच दिसे. दिसली की 'टेबल हललं' म्हणायचं आणि ती बाजूला टाकायची, हा या खोलीचा शिरस्ता. त्यांनीच पाडलेला. मणी ओढताना पाण्यात जाणारी उष्णता उरलेल्या ओढींच्या हिशेबात दरवेळी सिद्धांतापेक्षा थोडी जास्त भरे, आणि त्या जास्तीच्या उष्णतेचा शोध आज दुपारी सभागृहात जाहीर व्हायचा होता. आयुष्यभर कुणी ढुंकून न पाहिलेल्या माणसाचा, निवृत्तीच्या तोंडावरचा एकुलता एक शोध!

"बाजूला टाकलेल्या सगळ्या ओढी हिशेबात घे."

"आत्ता? सर, पाहुणे येऊन बसलेत!"

"घे म्हणतो ना!"

तिने भराभर आकडे भरले. हिशेब चोख जुळला. जास्तीची उष्णता साफ गायब झाली.

"कुणाला कळणार आहे, सर?" ती रडवेली झाली. "इतकी वर्षं खपलात…"

"मला कळलंय ना बाई. आणि घाबरू नकोस, तुझ्यावर खापर फुटणार नाही. शिरस्ता माझा होता."

सभागृहात ते सरळ म्हणाले, "मंडळी, शोधबीध काही नाही. मी चुकलो." खुर्च्या करकरल्या. पुढच्या रांगेतला एकजण तर चक्क हसला. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी नवे आकडे त्यांनी शेवटपर्यंत समजावून सांगितले.

नंतर बायको खोलीत आली. 'लग्न माझ्याशी, संसार मण्याशी' असं येता-जाता ऐकवणारी ही बाई आज पहिल्यांदाच इथे पाऊल टाकत होती. सभागृहाचं तिने नावही काढलं नाही. ती पडद्याशी वाकली.

"हीच का हो माझी सवत?"

"हीच."

मास्तरांनी प्रकाशाची चिमटी बंद केली. मणी थोडा वेळ तिथेच घुटमळला, मग थरथरत कडेला सरकू लागला.

"अगंबाई, चालली की! धरा ना!"

"जाऊ दे तिला," मास्तर म्हणाले. त्यांनी टेबलावरचा पेला उचलला आणि त्यातलं पाणी पिऊन टाकलं.