चार बोटं आखूड

शेवटी बाबांनी दारू सोडली. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण त्या सोमवारी ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बाबा शिंपी. मुलीला सगळे गुंडी म्हणत. शाळेतल्या सगळ्या पोरांचे सदरे बाबांनी शिवायचे की नाही, हे मोठ्या बाई गुंडीच्या अंगावरचा नमुना बघून ठरवणार होत्या. रविवारी दुपारी बाबांनी उजवी बाही बेतली, अगदी सुरेख. मग ते दोरा आणायला गेले. दोरा आणायला गेले की बाबा दोरा सोडून सगळं घेऊन येत. तोंडाचा वास आणि वाटेतल्या खांबाची माफी मागितल्याचं समाधानसुद्धा. आल्यावर त्यांनी डावी बाही कापली. ती चार बोटं आखूड झाली.

सकाळी गुंडीने सदरा घातला, आरशात पाहिलं आणि डावा हात वर केला. वर केलेल्या हाताची बाही घसरतेच, मग ती मुळात केवढी हे देवालाही कळत नाही. ठरलं. हात वरच ठेवायचा.

वर्गात शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, पोरीला उत्तर येतंय. सात प्रश्न विचारले. पाच चुकले.

"तरी हात वर!" बाई भारावून म्हणाल्या. "बघा, शिका काहीतरी."

डबा तिने एका हाताने खाल्ला. मधल्या सुट्टीनंतर बाईंनी विचारलं, मॉनिटर कोण होणार, आणि ती मॉनिटर झाली.

शाळा सुटताना मोठ्या बाई नमुना बघायला फाटकाशी आल्या. बाबाही आले होते, दाढीबिढी करून, शुद्धीत.

"गुंडे, हात का वर?" बाबांनी विचारलं.

"असाच. वारा घेतेय."

बाबांनी तिची बाही चिमटीत धरली. शिंप्याच्या बोटांना सांगावं लागत नाही.

"सकाळपासून?"

"मधे एकदा खाजवायला खाली घेतला. कुणी नाही बघितलं."

"खाली घे, बाळा. चूक माझी, तुझा हात कशाला दुखायचा?" मग घसा खाकरून ते मोठ्या बाईंना म्हणाले, "बाही आखूड आहे. पिऊन कापली मी."

मोठ्या बाईंनी दोन्ही बाह्या शेजारी धरून पाहिल्या. "मग काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल हो."

घरी जाताना बाबा तिचा खांदा चोळत होते. जिथे त्यांना नेहमी दोरा मिळे, तो गुत्ता आला. गुंडी थांबली.

"दोरा आणायचाय?"

"नको," बाबा म्हणाले. "आहे घरात."

मंगळवारी मोठ्या बाईंच्या टेबलावर अर्ज होता:

"महोदया, विषय: बाही. नमुना बरोबर असून बाकी सगळ्यांचे सदरे चुकले आहेत. तरी सर्व विद्यार्थी, शिक्षक, शिपाईमामा व आपण स्वतः यांची डावी बाही तातडीने चार बोटं आखूड करण्यात यावी आणि ते काम माझ्या बाबांकडेच सोपवावे, ही नम्र विनंती.

आपली आज्ञाधारक,
गुंडी (मॉनिटर)"